बाहेर पडण्याचं बटण

सोहारच्या बंदरात, सात नंबर शेडमागच्या
पोर्टाकॅबिनमध्ये आम्ही दोघं :
थुरय्या बिंत खमीस, उजवीकडून डावीकडे वाचणारी,
आणि मी परतवाड्याचा, डावीकडून उजवीकडे.
मधे एक एसी, थरथरणारा.

जुनी वेबसाइट भाड्याच्या प्रणालीवर होती.
दर मार्चला भाडं वाढायचं.
एक ओळ हलवायची तर दुबईला पत्र,
पाच दिवसांनी उत्तर : शक्य नाही.

थुरय्या म्हणाली, ही दुसरी खुली आहे. घेऊ या.
खल्फान साहेबांनी मान वर न करता विचारलं,
फुकट? मग खोट कुठाय?
खोट दिसते, साहेब. झाकलेली नाही, एवढंच.
बिघडलं तर तक्रार कुणाकडे?
आमच्याकडे.
साहेब हसले,
उसनी भांडी मागायला आलेल्याकडे बघून
हसतात तसे.

मग तीन महिने.
अरबीत पान उलटं फिरायचं, बाण मात्र सुलट राहायचे.
मराठीत 'श्रमिक' फुटायचा, श एकीकडे,
र पाय ओढत मागून.
तो जोडला दोन ओळींच्या दुरुस्तीने.
त्या दोन ओळी आता कुठल्या कुठल्या देशांत चालतात
मला माहीत नाही. कुणी कळवतही नाही.

पहिली सूचना सात भाषांत चढवायची होती :
दुपारी साडेबारा ते साडेतीन उन्हात काम बंद.
हिशेबनीस म्हणाले, मराठी कशाला,
त्या तेवीस जणांना हिंदी कळतं की.
कळतं, मी म्हणालो,
पण उन्हाबद्दल माणसाला
त्याच्या भाषेत सांगावं.

तर रात्री, पाळी संपल्यावर, एकेक शब्द.
जतन करा. पूर्ववत करा.
मसुद्याला 'कच्चं', कचरापेटीला 'केर'.
आणि शेवटी लॉग आऊट.
सगळे लिहितात : बाहेर पडा.
मागच्या महिन्यात धोंडू कवठेकरला
ऑफिसातल्या माणसाने नेमकं हेच सांगितलं होतं,
सोबत विमानाची वेळ.
मी लिहिलं : येतो.

मूळ प्रकल्पात ही भाषांतरं तपासायची
लात्वियातली इल्झे.
तिचा प्रश्न आला : शब्दकोशात याचा अर्थ
'मी येत आहे' असा दिसतो.
बटण उलटं लागलंय का?
मी सविस्तर लिहिलं.
आमच्यात जाताना 'जातो' म्हणत नाहीत.
म्हटलं तर आत भाकरी थापणारा हात थांबतो.
चप्पल पायात सरकवत माणूस म्हणतो, येतो,
आणि जातो.

दोन दिवस काही नाही.
मग : शब्द आवडला. पण सामील करता येणार नाही,
बटणाने करतं तेच सांगावं.
बरोबर होतं तिचं. मीही हेच म्हटलं असतं.
खाली आणखी एक ओळ होती :
तुमच्या प्रतीत ठेवा की. ती तुमचीच आहे.

खोली कंपनीची. पलंग कंपनीचा, गादीवर नंबर.
राहायच्या कार्डावर माझ्याआधी
कंपनीचं नाव वाचतात.
अकरा वर्षांत या गावात
'तुमचीच आहे' असं मला
कुणी म्हटलं नव्हतं. म्हटलं तेही
रीगाहून, चष्मा पुसता पुसता बहुधा.

आता मेसच्या दाराशी टॅबलेट टांगलाय.
क्रेनवाला नरसिंग भोयर पाळी बघतो, सुट्टी बघतो,
बटणावर बोट ठेवतो आणि मोठ्याने म्हणतो, येतो गा.
मागे उभा नेपाळी पोरगा परवा
तेच म्हणून गेला.
थुरय्याने अरबी बटण बदलून
'फी अमानिल्लाह' केलं, मला न विचारता.

नियम म्हणून मी दोषांच्या यादीत नोंद केली आहे.
क्रमांक एक्केचाळीस : बटणावर चुकीचा शब्द.
नोंदवणारा : मी. जबाबदारी : माझी.
स्थिती : उघडी.